अविश्वासासकट ये

मिरज,
मंगळवार, रात्री

प्रिय बाळ,

रविवारी उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता तू विचारलंस, "मावशी, सगळे डोळे मिटून गातात तेव्हा मला आतून काहीच होत नाही. मी खोटी आहे का?" त्या गर्दीत मी नुसती हसले. ते हसणं मला दोन दिवस टोचतंय, म्हणून हे पत्र.

खोटी नाहीस. डोळे मिटून गाणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या मनात घरी शिजायला टाकलेलं मटण असतं. मी त्यांच्यातलीच.

तुला माहीत नसेल, मी दोन वर्षं मंडळीची, म्हणजे चर्चची, पायरी चढले नव्हते. धाकटा भाऊ काविळीने गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आम्ही रात्र रात्र गुडघे टेकले होते. मातीनंतर एका पाळकांनी आईला सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. आई काही बोलली नाही. ती दर रविवारी जात राहिली. मी घरी बसून राहिले. देवावर राग होताच, पण खरं सांगायचं तर देवापेक्षा त्या वाक्यावर जास्त होता.

परत आले ती कुणाच्या प्रवचनाने नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय एकदा सहज उघडला. लाजर मेलाय, चार दिवस झालेत, आणि येशू आता येतो. मार्था त्याला वाटेतच गाठते आणि तोंडावर म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. अगं, हे तर माझंच वाक्य! मला वाटलं, आता तो म्हणेल, विश्वास कमी पडला. तसं तो म्हणत नाही. पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, हे तो तिथेच म्हणतो, रागावलेल्या बाईपुढे, रस्त्यावर उभा राहून. आणि पुढे कबरेकडे जाताना रडतो. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही रडतो. या रडण्यापाशी मी कितीतरी दिवस थांबले होते.

माझा भाऊ उठला नाही. हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण तेव्हापासून माझ्या तक्रारीला ऐकणारा कुणीतरी आहे, एवढं मला कळलं. मी ज्याला जीवन म्हणते ते तिथून सुरू झालं.

तुझी दुसरी काळजी घरची. आजोबा माळकरी, वारी चुकवत नाहीत. मग तू शुभवर्तमान वाचणं म्हणजे त्यांना सोडणं का? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आयुष्य बघ. रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. उतारवयात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे हाल विसरू नकोस. नवरा असा अचानक ख्रिस्ती झाल्यावर त्या माउलीने काही वर्षं ताटातुटीत काढली. नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःचं स्वतःला पटल्यावर. म्हणून घरात चोरून काही करू नकोस. बाप्तिस्म्याची घाई कुणी करायला लागलं, मी जरी केली, तरी सरळ "थांबा" म्हण. आजोबांना हरिपाठ म्हणताना ऐकत बस. त्याने ख्रिस्ताचं काही कमी होत नाही.

झोप लागत नाही म्हणालीस. त्यासाठी आधी डॉक्टर गाठ. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली या गावात मिशनचा दवाखाना काढला. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण मिरजेला तरी शोभत नाही.

आणि आठवतं का, २०१९ च्या पुरानंतर सांगलीत गाळ काढायला तू आमच्याबरोबर आली होतीस? गुडघाभर चिखलात त्या म्हातारीची भांडी धुताना तुला आतून काही होतंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. तूही विचारलं नव्हतंस. संध्याकाळी टेम्पोत मागे बसून तू गुणगुणत होतीस, मी ऐकलंय.

गुरुवारी दुपारी ये. येताना मार्कचा नववा अध्याय वाच. त्यात आजारी पोराचा एक बाप आहे. माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा, असं तो एका दमात ओरडतो. त्याला येशूने काय उत्तर दिलं आणि काय दिलं नाही, ते मला सांग. आईला यायचं असेल तर तिलाही आण, तिघींचा चहा टाकते.

तुझी,
मावशी