सही घेतली म्हणजे सुटलो, असं नसतं

प्रश्न : मी साताऱ्याची. शाळेपासून खो-खो खेळले, यंदा बी.पी.एड. झालं. अमेरिकेत एम.एस. करून तिथल्या विद्यापीठांच्या कॅम्पस रिक्रिएशन (विद्यार्थ्यांच्या खेळ-व्यायामाच्या) विभागात काम करायचंय. अभ्यासक्रमात रिस्क मॅनेजमेंट (धोक्यांची आधीच काळजी घेणं) आणि लीगल लायबिलिटी (कायदेशीर जबाबदारी) हे विषय दिसले. बाबा म्हणतात, हे वकिलाचं काम, आधी एलएल.बी. कर. काय करू?

उत्तर : एलएल.बी.ची गरज नाही. बाबांना शंका येणं साहजिक आहे, नावावरून कोर्टाचंच काम वाटतं. पण हे काम मैदानावरचं आहे.

तिकडे विद्यापीठाच्या जिममध्ये, जलतरण तलावावर, हौशी मुलांच्या लीगमध्ये रोज खेळ चालतो. कुणाला लागलं तर जबाबदार कोण? अनेकांना वाटतं, 'माझ्या जोखमीवर खेळतो' असं लिहून घेतलं की विद्यापीठ मोकळं. व्हर्जिनियात शारीरिक इजेबाबत असं आधी लिहून घेतलेलं कोर्ट मानतच नाही. कॅलिफोर्नियात मानतं; पण हलगर्जी ढळढळीत असेल तर ती सही उपयोगाची नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजचा खटला मात्र आवर्जून वाच. सप्टेंबर 1988. लॅक्रॉस या जाळीच्या काठीनं खेळायच्या चेंडूच्या खेळाच्या सरावात 20 वर्षांचा मुलगा कोसळला, हृदय बंद पडलं. मैदानावर ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती पाहणारा) नाही, दोन्ही प्रशिक्षकांकडे सीपीआरचं (छाती दाबून हृदय-श्वास चालू ठेवण्याचं) प्रमाणपत्र नाही. सर्वांत जवळचा फोन 200-250 यार्डांवर, आणि जवळच्या वाटेत आठ फुटी कुंपण. मुलगा गेला. संघातल्या खेळाडूसाठी तातडीच्या उपचारांची तजवीज ठेवणं कॉलेजचं कर्तव्य होतं, असं 1993 मध्ये अपील कोर्टानं म्हटलं. तो कॉलेजच्या संघाचा खेळाडू होता, त्यामुळे हौशी खेळाला हा निकाल जसाच्या तसा लागत नाही. तरी तुझं काम त्या कुंपणापाशीच सुरू होतं. फोन कुठे, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे, रुग्णवाहिकेला फाटक कोण उघडणार? गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं करायचं, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. मध्येच पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून. फायनल असली तरी.

आपल्याकडे एका आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत मी होते. एका मुलाचा खांदा निखळला. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली घेऊन क्लार्क घरी गेलेला. पोरगा पाऊण तास मॅटवर कण्हत बसला होता. मला ते आजही विसरता येत नाही. म्हणून तुझ्यासारख्या मुली या कामात याव्यात असं मनापासून वाटतं.

आता पैशाचं. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (शिकताना विद्यापीठातच अर्धवेळ काम) मिळाली तरच जा. अनेक ठिकाणी त्यात फी माफ होते आणि स्टायपेंडही मिळतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. हा विषय सहसा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) येत नाही, म्हणजे शिक्षणानंतर ओपीटी (तिथे काम करायची परवानगी) 12 महिन्यांचीच, पुढची दोन वर्षांची मुदतवाढ नाही. त्या वर्षात व्हिसा प्रायोजित करणारं विद्यापीठ मिळालं नाही तर परतावं लागेल. कर्ज काढण्यापूर्वी हे बाबांसमोर स्पष्ट मांड.

तोवर प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स कर. तुमच्या कॉलेजच्या मैदानावर उद्या कुणी कोसळलं तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करेल, ते एका पानावर लिही. लिहून झालं की मला पाठव, मी वाचून कळवेन.