मारवा सध्या ठेवून दे

प्रिय बाळ,

ठाण्याच्या गायन स्पर्धेला बारा मिनिटं मिळणार, वेळ दुपारी चारची, आणि तू मारवा गाणार म्हणतेस. चार वाजता मारवा? तो दिवेलागणीचा राग. पण वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. मारव्यात पंचम (प) नाही आणि षड्जावर (सा) मुक्काम करायचा नाही. कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळता रेंगाळता कान धैवतालाच षड्ज धरून बसतो, आणि जरा गंधार-निषाद वाढले की त्याच स्वरांचा पूरिया हा दुसरा राग समोर उभा. हे सावरायला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. तुझ्या हाताशी सहा आठवडे आहेत.

भीमपलासी घे. वेळ जुळते, पंचमाचा तंबोरा पाठीशी असतो आणि मध्यमावर हक्काने बसता येतं. तो सोपा मात्र समजू नकोस. आरोहात रे-ध वर्ज्य आहेत. घाईच्या तानेत ते हटकून घुसतात. कोमल गंधार मध्यमाचा स्पर्श घेऊन लावायचा, नुसता पेटीसारखा दाबायचा नाही.

आता हिशेब. विलंबित एकताल बारा मात्रांचा, मात्रेला तीन सेकंद धरले तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ३६ सेकंदांचं. औचार, म्हणजे तालाआधीची रागाची थोडक्यात ओळख, एक मिनिट, मग ११ आवर्तनं म्हणजे ६ मिनिटं ३६ सेकंद. दोन आवर्तनं स्थायी (बंदिशीचा पहिला भाग), चार आवर्तनं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून पंचमापर्यंत विस्तार, तीन आवर्तनं तार (वरचा) षड्ज आणि अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), शेवटची दोन बोल-ताना, म्हणजे बंदिशीच्या शब्दांवर घेतलेल्या ताना. उरलेली चार मिनिटं तीनतालातल्या द्रुत बंदिशीला. गडबड होते ती बहुधा पहिल्या दोन आवर्तनांतच. भीतीने सगळा राग तिथेच सांगून टाकला, की पुढे तीच सुरावट फिरत राहते.

बंदिश निवडताना आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या स्वरावर येते ते बघ. बड्या ख्यालाची (विलंबित बंदिशीची) सम मध्यमावर असेल, तर द्रुतची षड्जावर किंवा पंचमावर येणारी घे. नाहीतर ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. तार सप्तकात ‘ई’कार लांबवावा लागेल असे शब्द टाळ, तुझा आवाज तिथे बारीक होतो. आणि शब्दांचा अर्थ विचारून घे. ब्रजभाषेचे तुकडे भलत्या ठिकाणी तोडले की परीक्षकांच्या भुवया वर जातात, तेही साहजिकच.

सूर काळी ४ (पेटीची चौथी काळी पट्टी) लिहिला आहेस. तासभर रियाज झाल्यावर अंतऱ्यातला तार मध्यम लावून पाहा. मान ताणली गेली, तर मुकाट्याने अर्धा स्वर खाली पांढरी ५ वर ये, त्यात कमीपणा नाही. तबलजींना मात्र आदल्या दिवशीच कळव. ऐनवेळी उतरवलेल्या तबल्याची चाट (काठ) मोकळी बोलत नाही.

ठाण्यातल्या पं. राम मराठे स्मृती महोत्सवाला गेलीस, तर ताना मोजू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत गायक कोणत्या स्वरावर किती थांबतो ते टिपून घे. वाशीहून येताना लोकलमध्ये हेडफोनवर नुसता एकतालाचा ठेका लाव आणि मनात बाराव्या मात्रेवरून मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, धर. बाजूचा माणूस बघेल, बघू दे.

रविवारी येताना ११ आवर्तनांचं रेकॉर्डिंग आण. त्याआधी ते स्वतः एकदा ऐक आणि समेवर येताना एकच तुकडा किती वेळा आला तिथे कागदावर रेघ मार. चारपेक्षा जास्त रेघा झाल्या, तर ताना बंद ठेवून आपण फक्त मंद्र निषाद ते पंचम एवढंच गाऊ.

सप्रेम आशीर्वाद.