नवीन नर्सने केसीएल (पोटॅशियम क्लोराईड) घातलेलं सलाईन लावताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच ड्युटी सुरू झालीय आणि केसीएलची ऑर्डर दिसली की हात थरथरतात. थरथरू देत, मी बारा वर्षं या कामात आहे आणि अजूनही केसीएलचं अँप्युल फोडायच्या आधी शेजारच्या सिस्टरला हाक मारते, तिने लेबल वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, केसीएल डायरेक्ट शिरेत कधीच द्यायचं नाही, स्लो सुद्धा नाही, कुठल्याही मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही, हृदय जागच्या जागी थांबतं. आपल्याकडचं १० मिलीचं १५ टक्क्यांचं अँप्युल म्हणजे २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं एकक). ते ५०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईनमध्ये) एक टाकलं की हाताच्या शिरेला झेपेल तेवढं झालं, दुसरं टाकायचं नाही. आणि वॉर्डात तासाला १० एमईक्यूच्या वर जायचं नाही, त्याहून जास्त लागलं तर सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) आणि हृदयाचा मॉनिटर हवाच.

आता जे मला महागात पडणार होतं ते सांगते. पहिल्याच वर्षी नाईटला घाईत मी स्टँडवर चालू असलेल्या बाटलीतच केसीएल टाकलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले, दोन मिनिटांत आजोबा ओरडायला लागले की हाताला आग लागलीय. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, आधी सेट (सलाईनची नळी) बंद केला. मग म्हणाल्या, एमव्हीआय (मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन) टाकल्यावर पिवळा रंग कसा बाटलीच्या तोंडाशीच बसतो बघितलंयस ना, केसीएल तर जड असतं, तसंच खाली बसतं, फक्त दिसत नाही. आजोबा ठीक राहिले पण मी त्या रात्री खूप रडले. म्हणून बाटली खाली काढा, सेट लावायच्या आधी केसीएल टाका, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, लेबलवर डोस, वेळ, सही, आणि मगच लटकवा.

इन्फ्युजन पंप (सलाईनचा वेग ठरवणारं मशीन) असेल तर तोच वापरा. नसेल तर ५०० मिली ४ तासांत द्यायला मिलीला २० थेंब पडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडतात, आणि नातेवाईकांना स्पष्ट सांगा की रेग्युलेटरला हात लावू नका, "लवकर संपू दे" म्हणून फिरवतात हो लोक.

लावण्याआधी युरोबॅग (लघवीची पिशवी) बघा. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलीपेक्षा कमी असेल, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा पोटॅशियमचा रिपोर्ट जुना असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, ओरडले तर ओरडू देत.

हात जळतोय म्हटलं तर आधी बंद करा, मग सूज आहे का बघा. छातीत धडधड, हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटतंय असं पेशंट म्हणाला तर बंद करून लगेच ईसीजी काढा आणि डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम ग्लुकोनेट (पोटॅशियम वाढल्यावर हृदय सांभाळणारं इंजेक्शन) इमर्जन्सी ट्रॉलीत आहे का ते मात्र हँडओव्हर घेतानाच बघून ठेवा, तेव्हा शोधायला वेळ नसतो.