वाकडं हसू आणि बाहेरची शवपेटी

प्रश्न : अमेरिकेतल्या फ्युनरल होमवर (पैसे घेऊन अंत्यविधी करून देणाऱ्या संस्थेवर) काळ्या विनोदाची कादंबरी लिहितोय. मृतदेह टिकवताना गडबड कुठे घडवू?

उत्तर : चेहऱ्यावर. पापण्यांखाली खरबरीत प्लास्टिकच्या टोप्या बसवणं, जबडा तारेने किंवा टाक्याने मिटवणं, हे फॉर्मॅल्डिहाइड (मृतदेह टिकवणारं रसायन) शरीरात सोडण्याआधीच उरकतात. नंतर पेशी घट्ट होतात, वाकडं हसू तसंच राहतं. द्रावण मानेतल्या रोहिणीतून आत जातं, रक्त नीलेतून बाहेर. पंपाचा दाब फाजील झाला किंवा गुठळी अडकली की चेहरा फुगतो. पण खरा विनोद विक्रीच्या टेबलावर! १९८४ पासून छापील दरपत्रक द्यावंच लागतं, १९९४ पासून बाहेरून आणलेल्या शवपेटीवर जादा आकारही लावता येत नाही. स्वस्तातली पेटी टेम्पोतून आणणारा जावई तिथे हवाच.