माळ्यावरची गुंडाळी

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं सिनेमाच्या जुन्या पोस्टरांबद्दल आहेत. पावसाळ्यात माळे गळतात आणि ट्रंका खाली येतात, म्हणून असेल. पुस्तकांच्या बांधणीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. चाळ पुनर्विकासाला गेली आहे, महिन्याभरात खोली रिकामी करायची आहे. माळा आवरताना सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. ते एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. ट्रंकेत घड्या घातलेली वीस-पंचवीस पोस्टरं आणि एक गुंडाळी आहे. कुबट वास येतो, काहींवर पांढरट बुरशी आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि पाच-सहा पोस्टरं एकमेकांना चिकटली आहेत. रद्दीवाला वजनावर घ्यायला तयार आहे. भाचा म्हणतो, चांगली असतील तेवढी लॅमिनेट करून घेऊ. काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : वहिनी, रद्दीवाल्याला नाही म्हणून सांगा आणि भाच्याला लॅमिनेशनच्या दुकानाची पायरी चढू देऊ नका. या दोन गोष्टी आज करा. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.

लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकवरचा गोंद उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो. तो पुन्हा सुखरूप बाहेर काढण्याचा उपाय माझ्याकडे नाही. अठ्ठावीस वर्षं मी कागद दुरुस्तीचं काम केलं आणि या सदरात येणाऱ्या प्रत्येक पत्राला मी आधी एकच कसोटी लावते : जे उद्या काढता येणार नाही, ते आज लावायचं नाही.

ही पोस्टरं वाचली कशी, तेही सांगते. माझे वडील गिरगावात पोस्टरं लावायचे. रात्री जेवण झालं की आई चुलीवर मैद्याची खळ शिजवायची. कीड लागू नये म्हणून वडील त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, त्याने खळ निळसर दिसायची. मग बादली, लांब काठीला बांधलेला कुंचा आणि खांद्यावर पोस्टरांची चळत घेऊन ते ठाकूरद्वारपासून निघायचे. शुक्रवारी नवा खेळ लागला की जुन्या पोस्टरावर नवं बसायचं. भिंतीवरचं आयुष्य आठवड्याचं, खेळ चालला तर थोडं जास्त. म्हणजे आज आपल्या हाती लागतात ती भिंतीवर न गेलेली पोस्टरं : वितरकाच्या कचेरीत उरलेली, टॉकीजच्या मॅनेजरच्या कपाटात राहिलेली, किंवा तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाने मायेने घरी आणलेली. जपून ठेवायला कुणी छापलीच नव्हती, म्हणून कागदही स्वस्तातला. लाकडाचा लगदा, त्यात लिग्निन म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, वर शाई फुटू नये म्हणून तुरटीचं खळण. लिग्निन आणि तुरटी दोन्ही मिळून कागदात आम्ल तयार करतात, कागद आधी पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी पापडासारखा होतो.

आता ट्रंकेकडे वळू. नाकाला मास्क लावा, मुलांना बाहेर काढा. बुरशी ओली असताना पुसायला गेलात तर ती पसरते आणि कागदात रुतते. आधी वाळवायचं, तेही सावलीत. उन्हात मुळीच नको, लाल आणि पिवळा रंग उन्हाने पहिले उडतात. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, म्हणजे खोलीतली हवा खेळती राहील आणि कागद फडफडणार नाही. शेजारी कुणाकडे एसी असेल तर ड्राय मोडवर दोन दिवस त्यांची खोली मागा. मी स्वतः असं मागून घेतलं आहे आणि कुणी नाही म्हटलेलं नाही. बुरशी पूर्ण सुकून भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशने, खिडकीजवळ, एकाच दिशेने झाडा.

घड्या उलगडायच्या असतील तर श्रावणासारखा महिना नाही. जानेवारीच्या कोरड्या हवेत घडीवर बोट ठेवलं तरी कागद तडकतो. तोच कागद आत्ता दमट हवेने मऊ पडलेला असतो. जमिनीवर स्वच्छ चादर घाला, एक घडी उलगडा, तासभर तशीच राहू द्या, मग पुढची. घाई केलीत तर चौकात, म्हणजे जिथे आडवी आणि उभी घडी भेटते तिथे, भोक पडतं. एका शीटचं पोस्टर साधारण 30 बाय 40 इंचांचं असतं, तेवढी जागा मोकळी लागेल. सहा शीटचं निघालं तर ते तुकड्यांत छापलेलं असतं. वेगवेगळे कागद बघून ते अर्धवट आहे असं समजू नका, सगळे तुकडे शोधा. उलगडलेलं पोस्टर टिपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि फळीवर वजन. दमट हवा उलगडण्यापुरतीच कामाची, त्यानंतर कागद कोरडाच हवा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला निमंत्रण, आणि आपल्या मुंबईत पावसाळाभर ती त्याच्या पुष्कळ वर असते.

कसरीसाठी डांबरगोळ्या कागदात घालू नका. सुकलेलं पोस्टर घडी असेल तसंच दोन पॉलिथिनच्या पिशव्यांत बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरेल. किडा आणि अंडी दोन्ही मरतात, आणि कागदाला औषधाचा थेंबही लागत नाही.

चिकटलेल्या पाच-सहा पोस्टरांना हात लावू नका. ओढायची नाहीत, वाफ द्यायची नाही. नुसती वाळवा, पुठ्ठ्यात बांधा आणि कागद दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्या. ‘आम्ही मागे कापड लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर एकच विचारा : चिकटवणार कशाने? उत्तर सुतारकामाचा पांढरा गोंद असेल तर उठून या. उत्तर गव्हाच्या स्टार्चची खळ असेल तर बसा, चहा घ्या. वहिनी, ही खळ तुमच्या ओळखीची आहे. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतो, त्याचंच हे शुद्ध, न आंबवलेलं रूप. गव्हातलं चिकट ग्लुटेन धुऊन निघालेलं असतं, त्यामुळे ती पिवळी पडत नाही आणि पन्नास वर्षांनी पाण्याने सोडवता येते. पोस्टराला आधी जपानी तुती कागदाचा पातळ थर आणि त्यामागे मांजरपाट, असं हे काम असतं. वडिलांच्या खळीत मैदा होता, म्हणजे किड्यांची मेजवानी. मोरचुदातलं तांबं कागद कुजण्याचा वेग वाढवतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर ते गेले होते. भिंतीवरच्या आठवड्यासाठी त्यांची खळ बरोबरच होती.

एक काम मात्र चाळ सोडण्याआधी करा. प्रत्येक पोस्टराच्या मागे, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलने सासऱ्यांचं नाव, टॉकीजचं नाव आणि ‘लालबागच्या घरी ट्रंकेत’ एवढं लिहा. बॉलपेनने नको. चाळ गेल्यावर हे सांगणारं दुसरं काही उरणार नाही.

प्रश्न : चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर 1975 च्या ‘दीवार’चं पोस्टर ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलं. मित्र म्हणतात फसलास. घरच्या घरी ओळखता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बरंचसं येईल. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा. चित्राच्या भागात ठिपक्यांची फुलं दिसायला हवीत, ती ऑफसेट छपाईची खूण. फवारल्यासारखे विस्कळीत बारीक कण दिसले तर ते अलीकडच्या प्रिंटरवरचं आहे. पण आजही कुणी ऑफसेटवर छापू शकतो, म्हणून भिंग अक्षरांवर न्या. त्या काळी सिनेमाचं नाव हाताने रेखलेलं असे आणि छापताना अक्षराची कड सलग, धारदार उतरे. पोस्टराचा फोटो काढून पुन्हा छापलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात, कड भुरकट दिसते. माझा सगळ्यात जास्त विश्वास या खुणेवर आहे.

मग कागदावरून बोट फिरवा. घडीची पांढरी रेघ दिसते पण बोटाला काहीच लागत नाही? मग ती घडी छापलेली आहे. चहाच्या पाण्याने ‘जुना’ केलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच तपकिरी असतो. खरं वय कडांपासून आणि घड्यांपासून आत येतं. खाली छापखान्याचं नाव आहे का तेही बघा. चाळीसच्या दशकातलं म्हणून कुणी काही विकत असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरा. कागद निळा-पांढरा चमकला तर घेऊ नका, ती चमक देणारी द्रव्यं कागदात पन्नासच्या दशकापासून यायला लागली. 1975 च्या पोस्टराला मात्र ही परीक्षा लागू नाही.

पुन्हा प्रदर्शित झालेल्या खेळाचं पोस्टर हाही एक प्रकार आहे. ते नकली नसतं, नंतरचं असतं. विकणाऱ्याने ते सांगायला हवं आणि किंमत त्याप्रमाणे असायला हवी. ‘दीवार’चं पोस्टर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या दिवाकर करकरे यांनी केलं होतं. तुमचं नंतरच्या छपाईचं निघालं तरी काम त्यांचंच आहे, फेकून देऊ नका.

प्रश्न : माझ्याकडच्या पोस्टरात नायिकेच्या गालावर रुपयाएवढं भोक आहे. चित्रकार मित्र रंगवून द्यायला तयार आहे. द्यावं का?
— एक वाचक, दादर

उत्तर : भोकात रंगवू दे, गालावर नको. आधी मागून तुती कागदाचा तुकडा स्टार्चच्या खळीने बसवायचा. तुकडा कात्रीने कापू नका, कडा ओल्या करून हाताने फाडा, म्हणजे निघालेले तंतू मूळ कागदाला धरतात. मग फक्त त्या तुकड्यावर जलरंग, मूळ रंगाहून किंचित फिका. चार हात लांबून डोळा अडखळत नाही आणि जवळून बघणाऱ्याला दुरुस्ती कळते, एवढं पुरे.

मित्राचा कुंचला मूळ छपाईवर एक गहूभरही जायला नको. कोल्हापूरच्या जी. कांबळ्यांनी शिवाजी महाराजांचं सर्वांच्या ओळखीचं चित्र काढलं आणि त्याच हाताने ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरं केली. अशा हातांचं काम आपण ‘ताजं’ करायला बसलो तर खाली काय होतं ते कुणालाच कळणार नाही.

तेलकट डागांसाठी मित्राने पाण्याचा उपाय सुचवलाच, तर माझं ऐका. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक पोस्टर धुवायला घेतलं. छपाईची शाई तेलाची, ती पाण्याला दाद देत नाही हे मला माहीत होतं, म्हणून सरळ ट्रेमध्ये सोडलं. कोपऱ्यात वितरकाचा जांभळा रबरी शिक्का होता. तो दोन मिनिटांत धुराच्या रेघेसारखा पाण्यात पसरला. चित्र उजळ निघालं, पण ते पोस्टर कुठल्या कचेरीतून, कुठल्या गावाला निघालं होतं, ते कायमचं गेलं. शिक्का मी आधी वाचूनही ठेवला नव्हता. त्यानंतर प्रत्येक रंगावर आणि प्रत्येक शिक्क्यावर आधी एक थेंब पाणी, वर टिपकागद, आणि तो कोरा उठला तरच पुढे.

प्रश्न : हॉलमध्ये फ्रेम करून लावलं तर चालेल?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : चांगला फोटो काढून त्याची प्रत लावा, मूळ आडवं ठेवा. मूळच लावायचं असेल तर काच कागदाला टेकता कामा नये, पावसाळ्यात चिकटते. पाठीमागे प्लायवूड नको, आम्लरहित पुठ्ठा हवा. पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका.

प्रश्न : आमच्या घरी सांभाळणारं कुणी नाही. संग्रह कुठे द्यावा?
— एक वाचक, पार्ले

उत्तर : पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हे काम करतं, पोस्टरंही ठेवतं. आधी यादी आणि फोटो पाठवा. लॉबी कार्डं, म्हणजे टॉकीजच्या आत लावायची सिनेमातल्या प्रसंगांची चित्रं, आणि गाण्यांच्या पुस्तिका असतील तर त्याही यादीत घ्या. लोक पोस्टरं देतात आणि पुस्तिका रद्दीत टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : पोस्टराच्या खाली ‘रोज 3, 6, 9’ अशी वेगळी पट्टी चिकटवलेली आहे. तिच्याखाली निर्मात्याचं नाव झाकलं गेलंय. काढू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : राहू द्या. निर्मात्याचं नाव त्या सिनेमाच्या दुसऱ्या प्रतीवर सापडेल. ती पट्टी मात्र कुणीतरी एका टॉकीजसाठी, एका आठवड्यासाठी हाताने चिकटवलेली आहे. जवळून स्वच्छ फोटो काढून मला पाठवा. पट्टीच्या कडेला खळीचा निळसर डाग आहे का, तेवढं मात्र नक्की कळवा.