अंगणातल्या हौदात कासव आहे, खान्देशातल्या थंडीत पाणी उबदार कसं ठेवू?

हौद सिमेंटचा, हजार लिटरचा. कासव लाल कानपट्टीचं स्लायडर. आणि तुम्ही विचारताय किती वॉटचा हीटर लावू. हीटरचं नंतर बघू, आधी झाकण करा.

आपल्याकडची थंडी रात्रीची. जानेवारीत जळगाव-धुळ्याला पहाटे पारा १० च्या आसपास किंवा खाली, आणि दुपारी परत २८-३० ला. थंड देशांत पाणी महिनोन्महिने गारच राहतं, तिथं कासव तळाशी शीतनिद्रेत जातं. इथं ते धड झोपत नाही. दुपारी भरपूर खातं आणि रात्री पाणी १५ पर्यंत उतरलं की पोटातलं पचत नाही, तिथंच कुजायला लागतं. त्यामुळे पहाटेचं पाणी २० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, २४ राहिलं तर उत्तम. थर्मामीटर तळाशी ठेवून सकाळी सहाला बघा. दुपारचा आकडा फसवा असतो.

पाण्याची ऊब जाते ती मुख्यतः वरून. इंचभर जाडीचं थर्मोकोल जाड प्लास्टिकमध्ये सगळ्या बाजूंनी गुंडाळून चिकटपट्टी मारा. उघडं ठेवलंत तर कासव ते कुरतडून गिळतं आणि आतडं तुंबतं. संध्याकाळी ऊन उतरण्याआधी पाण्यावर टाकायचं, पण चढायच्या फळीकडचा चौथा हिस्सा मोकळा सोडायचा, श्वासाला वर येता आलं पाहिजे. सकाळी ऊन आलं की काढायचं. उन्हाळ्यात बांधलेली हिरवी नेट अजून वर असेल तर ती आजच सोडा, दिवसभराचं ऊन फुकट जातंय. उत्तरेकडून वारा लागत असेल तर पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, ताटी उभी करा.

घरी बोअर असेल तर आणखी सोपं. जमिनीखालचं पाणी थंडीतही २५-२६ अंशांच्या आसपास असतं, म्हणून तर सकाळी ते कोमट लागतं. हौदातलं पाणी १८ असताना २५० लिटर काढून तेवढं बोअरचं भरलं तर सगळं मिळून २० होतं. मात्र नळीतून थेट घ्या. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी गार झालेलं असतं.

आता हीटर. हजार लिटर एक अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. ३०० वॉटचा हीटर १२ तास अखंड चालला तरी ३.६ युनिट, म्हणजे जेमतेम ३ अंश. उघड्या हौदात तेवढे वाऱ्यावरच जातात, झाकण असेल तर पुरतात. थर्मोस्टॅटवाला मत्स्यालयाचा हीटर घ्या आणि २४ वर लावा. काचेचा असेल तर कासव धडक मारून फोडतं, म्हणून ३ इंची पीव्हीसी पाइपला भरपूर भोकं पाडून त्यात बसवा, पाइप तळालगत आडवा. पाणी कमी होऊन हीटर उघडा पडला तर काच तडकते.

बादलीत पाणी तापवायचा रॉड अजिबात नको. त्याला थर्मोस्टॅट नसतो आणि करंट उतरला तर कासवासकट तुम्हीही जाल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, याशिवाय हौदात वायर सोडू नका. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. रात्री लाइट गेली तर झाकणच कामाला येतं.

खाणं दुपारी, तेही पाणी २२ च्या वर असताना. दोनदा दिलेलं तसंच तरंगत राहिलं तर बंद करा. चार इंचांपेक्षा लहान पिल्लू असेल तर एवढा खटाटोप करूच नका, दोन महिने घरात टबात ठेवा आणि दुपारी उन्हात काढा. काचेआडचं ऊन चालत नाही, कवचाला लागणारे अतिनील किरण काच अडवते.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, पोहताना एका अंगावर कलणं, यातलं एकही दिसलं तर न्यूमोनिया धरून चाला. त्याच दिवशी घरात २८ अंशांच्या पाण्यात घ्या आणि पशुवैद्याकडे न्या.