मुलगा करात वेगळा, विम्यात मात्र आमच्यासोबत?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. शिक्षण संपवून नोकरीला लागलेला माझा २४ वर्षांचा मुलगा यंदा स्वतःचे करविवरण भरणार आहे. माझ्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून त्याचे नाव काढावे लागेल का?

उत्तर : नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील, अन्यथा १९ वर्षांखालील, ही वयाची अट करविवरणात मुलाला अवलंबित दाखवण्यापुरती आहे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार, मुलांना सामावून घेणाऱ्या योजनेत त्याचे नाव २६ वर्षे पूर्ण होईपर्यंत राहू शकते. मग तो कमावता असो, विवाहित असो की दुसऱ्या राज्यात राहत असो. त्यापोटी कंपनी भरत असलेल्या हप्त्यावर तुम्हाला केंद्रीय करही लागत नाही.

खरी मेख आरोग्य बचत खात्यात (एचएसए, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठी करसवलतीने पैसे साठवण्याचे खाते) आहे, आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तुमचे असे खाते असेल आणि मुलाच्या दातांचे ३०० डॉलरचे बिल तुम्ही सवयीने त्यातून भरले, तर तो आता अवलंबित नसल्यामुळे ती रक्कम करपात्र ठरते आणि तुमचे वय ६५ पेक्षा कमी असल्यास वर २० टक्के जादा कर बसतो. योजना त्या खात्यासाठी पात्र असल्यास त्याने स्वतःचे खाते उघडावे.